घड्याळ कंपनीकडे परत गेलं, तर काढलेला पार्ट मालकाला परत मिळायलाच हवा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत मराठी पेपरांच्या अर्थविषयक पानांवर महागडी स्विस घड्याळं ही कशी चांगली गुंतवणूक आहे याबद्दल बरंच छापून येतंय. लोकांना घड्याळांची आवड लागतेय याचा मला आनंदच आहे, पण या सगळ्या लिखाणात एक प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून हे पत्र लिहितोय. घड्याळात कंपनीकडूनच काही दोष राहिला आणि कंपनीने ते परत मागवलं, किंवा मागवलं नाही पण सर्व्हिसला आलेल्या घड्याळातला पार्ट न सांगता बदलून टाकला, तर ज्याने त्यात लाखो रुपये घातलेत त्याच्या हातात नक्की काय उरतं? मी जुनी घड्याळं जमवतो, त्यातली बरीचशी एचएमटी आणि फाव्हर-ल्यूबा आहेत, स्विस महागडी फार नाहीत, पण या बाजारात इतकी वर्षं फिरून जे बघितलंय त्यावरून सांगतो की या प्रश्नाचं उत्तर माहीत नसताना कुणीही घड्याळात पैसे घालू नयेत.

गाडीचा रिकॉल आला तर आपल्याला बरंच वाटतं. एअरबॅग फुकट बदलून मिळते, विकताना काम झाल्याचा कागद दाखवता येतो, घेणाराही निवांत होतो. जुन्या घड्याळाचं नेमकं उलटं आहे. तिथे नवा पार्ट म्हणजे सुधारणा नाही, नुकसान आहे. डायल, काटे, काचेभोवतीची रिंग म्हणजे बेझल, एवढंच काय चावीसुद्धा, हे सगळं घड्याळ कारखान्यातून निघालं तेव्हाचंच असावं असा जमवणाऱ्यांचा आग्रह असतो आणि किंमत त्यावरच ठरते. त्यातही डायलवर सगळ्यात जास्त, मशीन सुरळीत चालतंय पण डायल नंतर बदललेली आहे असं कळलं की डीलर पहिला आकडा सोडून एकदम खालच्या आकड्यावर येतो. त्यामुळे कंपनी ज्याला दुरुस्ती म्हणते ते जमवणाऱ्याच्या दृष्टीने बऱ्याचदा तोडफोड असते, आणि यात खोटं कुणीच बोलत नसतं, कंपनीला घड्याळ चालायला हवं असतं आणि आपल्याला ते जसं होतं तसं हवं असतं.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण रोलेक्सचंच आहे आणि ते फार जुनं आहे. १९५० च्या दशकाच्या मध्याला पॅन अ‍ॅम या अमेरिकन विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी रोलेक्सने जीएमटी-मास्टर काढलं, मॉडेल नंबर ६५४२. लांबच्या प्रवासात वैमानिकाला घरची वेळ आणि जिथे उतरला तिथली वेळ एकाच घड्याळात दिसावी म्हणून चोवीस तासांचा एक जादा काटा आणि भोवती अर्धी निळी अर्धी लाल रिंग. ही रिंग बॅकेलाइटची होती, म्हणजे त्या काळच्या प्लास्टिकची, आणि अंधारात आकडे दिसावेत म्हणून त्याखाली चमकणारा रंग भरलेला. बॅकेलाइट ठिसूळ, उन्हाने आणि धक्क्याने तडे जायचे, म्हणून थोड्याच वर्षांत कंपनी अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगवर गेली. पण त्याहून मोठं प्रकरण पुढे झालं, त्या चमकणाऱ्या रंगात स्ट्रॉन्शियम-९० हा किरणोत्सारी पदार्थ आहे हे अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाच्या लक्षात आलं आणि १९५० चं दशक संपता संपता त्या देशात विकलेली सहाशेच्या आसपास घड्याळं परत मागवायची वेळ आली. बॅकेलाइटच्या रिंगा काढून टाकल्या गेल्या आणि धातूच्या बसल्या. त्या वेळी जे झालं ते बरोबरच झालं, मनगटाला रात्रंदिवस चिकटून असलेली वस्तू आहे ती, त्यात स्ट्रॉन्शियम असताना दुसरा काही निर्णय होऊच शकत नव्हता.

आता आजचा बाजार बघा. ज्या ६५४२ वर ती मूळची बॅकेलाइटची रिंग अजून शाबूत आहे त्याला लिलावात जो भाव मिळतो त्याच्या जवळपासही रिंग बदललेलं घड्याळ जात नाही. नुसती सुटी रिंग, तीसुद्धा तडा गेलेली, लाखो रुपयांना विकली जाते. आणि भाव एवढा म्हटल्यावर नकली रिंगा आल्याच, त्या इतक्या आल्यात की खरी ओळखायला जाणकार भिंग घेऊन बसतात, तडे कसे गेलेत, रंग आत कसा मुरलाय ते बघतात. म्हणजे ज्या मालकाने सरकारचं ऐकलं, शहाण्यासारखं घड्याळ परत नेऊन रिंग बदलून घेतली, त्याच्या नातवंडांच्या हातात आज कमी किमतीची वस्तू आहे, आणि ज्याने पत्र आलं तरी लक्ष दिलं नाही किंवा ज्याच्यापर्यंत पत्र पोचलंच नाही त्याच्या घरात मोठी रक्कम पडून आहे. मला हे अन्यायाचं वाटतं. दोष कंपनीचा आणि भुर्दंड नियम पाळणाऱ्याला.

किरणोत्साराचा विषय निघालाय तर तो अर्धवट सोडत नाही, कारण आपल्याकडे जुनी घड्याळं कपाटात, कधीकधी तर गादीशेजारच्या खणात ठेवलेली असतात. स्ट्रॉन्शियम-९० चं अर्धआयुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, साधारण २९ वर्षांचं आहे, त्यामुळे तेव्हाच्या मानाने त्याचा आज जेमतेम पाचवा हिस्सा उरलाय. पण रेडियम या दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थाचं तसं नाही. १९६० च्या आधीच्या बऱ्याच घड्याळांच्या डायलवर आणि काट्यांवर रेडियम आहे आणि त्याचं अर्धआयुष्य १६०० वर्षांचं, म्हणजे आजोबांच्या घड्याळातलं रेडियम जवळपास होतं तेवढंच आहे. डायल आता अंधारात चमकत नाही म्हणून रेडियम संपलं असं लोकांना वाटतं ते चूक आहे, संपलाय तो चमकणारा रंग, रेडियम नाही. इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टन आणि किंग्स्टन विद्यापीठांच्या संशोधकांनी अशी ३० घड्याळं एका खोलीत ठेवून मोजमाप घेतलं तर रेडियममधून निघणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू खोलीत तिथल्या सुरक्षित मर्यादेच्या १३४ पट निघाला, ही २०१८ ची गोष्ट आहे. न्यू जर्सीच्या कारखान्यात ब्रशचं टोक ओठांनी बारीक करून डायल रंगवणाऱ्या मुली शंभर वर्षांपूर्वी याच रेडियमने गेल्या. तेव्हा ज्यांच्याकडे अशी घड्याळं आहेत त्यांनी ती हवा खेळती राहील अशा जागी ठेवावीत, एकावर एक रचू नयेत, आणि काहीही झालं तरी घरी मागचं झाकण किंवा काच उघडून डायल पुसायला जाऊ नये. किंमत टिकवायची म्हणून मी कुणालाही धोका अंगावर घ्या म्हणणार नाही, जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे पार्ट निघालाच पाहिजे.

पण सगळेच दोष धोक्याचे नसतात, आणि खरा घोळ तिथे आहे. रोलेक्सचं डेटोना, १९८८ ते २००० मधलं, १६५२० नंबरचं, त्यातल्या नव्वदच्या दशकाच्या मध्यातल्या काही काळ्या डायलवर छोट्या तीन गोलांच्या रुपेरी कडा हळूहळू तपकिरी झाल्या. कारण साधं, वरून दिलेल्या वार्निशने कडा नीट झाकल्या नाहीत, हवा लागली आणि रंग गेला. सरळसरळ उत्पादनातला दोष. त्या काळात मालकाने सर्व्हिस सेंटरला दिलं असतं तर डायल बदलून नवी कोरी मिळाली असती आणि तो खूश होऊन घरी गेला असता. आज त्याच तपकिरी कडांच्या डेटोनाला नेहमीच्या डेटोनापेक्षा जास्त किंमत आहे, ज्या लिलाववाल्याने याकडे पहिल्यांदा लक्ष वेधलं त्याच्या आडनावावरून त्यांना पात्रिझ्झी डायल म्हणतात. उन्हाने काळ्याच्या चॉकलेटी झालेल्या डायल तशाच, त्यांना बाजारात ट्रॉपिकल म्हणतात. एकाच प्रकारचा दोष, पण ज्याची डायल बदलली गेली त्याचं नुकसान आणि ज्याची राहिली त्याचा फायदा. कुठला दोष पुढे भाव खाईल हे आज कंपनीलाही सांगता येणार नाही, मालकाला तर नाहीच नाही. म्हणूनच माझं म्हणणं एवढंच आहे की निर्णय मालकाचा असू द्या आणि काढलेली वस्तू त्याच्या ताब्यात द्या.

आणि त्याबरोबर लेखी नोंद. नोंद का महत्त्वाची याची दोन टोकाची उदाहरणं देतो. हॉलिवूडचा नट मार्लन ब्रँडो याचं रोलेक्स जीएमटी २०१९ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला फिलिप्स या लिलाव कंपनीच्या लिलावात साडेएकोणीस लाख डॉलरला गेलं, आणि त्या घड्याळाला बेझलच नव्हतं! एका युद्धपटाच्या शूटिंगसाठी ते काढून टाकलेलं होतं, मागे त्याने स्वतःच्या हाताने नाव कोरलेलं होतं. एवढा महत्त्वाचा भाग गायब असून किंमत मिळाली, कारण तो का गायब आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पडद्यावर दिसत होतं. आता दुसरं टोक. फिलिप्सनेच २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हाला १९५७ चं म्हणून एक ओमेगा स्पीडमास्टर विकलं, तपकिरी डायलचं, अंदाज होता ८० हजार ते १ लाख २० हजार स्विस फ्रँकचा आणि गेलं ३१ लाखांच्या वर. पुढे २०२३ मध्ये ओमेगानेच जाहीर केलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे पार्ट एकत्र करून बनवलेलं होतं आणि त्यात कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. विकत घेणारी स्वतः ओमेगाच होती, आपल्या म्युझियमसाठी! ज्या कंपनीने घड्याळ बनवलं तीच फसते, तर डोंबिवलीच्या किंवा कोल्हापूरच्या माणसाने ऑनलाइन फोटो बघून काय ओळखायचं? काढलेले जुने पार्ट जातात कुठे, कुणाच्या खणात पडतात, कुठल्या घड्याळात परत बसतात, याचा हिशोब कुणाकडेच नसेल तर असं होणारच.

हल्लीच्या घड्याळांत रिकॉल हा शब्द कंपन्या सहसा वापरत नाहीत. ट्यूडर या स्विस कंपनीचं ब्लॅक बे जीएमटी २०१८ मध्ये आलं तेव्हा सुरुवातीच्या बऱ्याच घड्याळांत तारखेची चकती अडकायची, कंपनीने वॉरंटीत दुरुस्त करून दिली, काम चांगलं केलं. पण अशा वेळी जगभरातल्या मालकांना ही गोष्ट एकमेकांकडून कळते, कंपनीकडून नाही. त्याचा सेकंडहँड किमतीवर जो परिणाम होतो तो मी बघितलाय. सुरुवातीला बातमी पसरली की घेणारे हात आखडता घेतात, डीलर म्हणतो ठेवून जा, बघू. मग दुरुस्ती होऊन आलेली घड्याळं बाजारात येतात, ज्याच्याकडे सर्व्हिसचा कागद आहे त्याला जवळपास नेहमीचा भाव मिळतो आणि ज्याच्याकडे नाही त्याला घासाघीस सोसावी लागते, घड्याळ तितकंच चांगलं असलं तरी. म्हणजे दोष दुरुस्त झाला तरी संशय राहतो आणि त्या संशयाचे पैसे शेवटच्या मालकाच्या खिशातून जातात.

आपल्याकडे हे आणखी अवघड आहे. मुंबईचं नाव जगभरच्या घड्याळवाल्यांत एका वाईट कारणाने घेतलं जातं, इथे जुन्या डायल खरवडून नव्याने रंगवून विकल्या जातात, त्यांना बाहेरचे लोक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. फाव्हर-ल्यूबाची सी चीफ, सी किंग, एचएमटीची जनता, पायलट, ज्या घड्याळांनी आपल्या आधीच्या दोन पिढ्यांनी नोकऱ्या केल्या, त्यांच्या मूळ डायल आता शोधून मिळत नाहीत. एचएमटी बंद झाल्यावर तर मागणी आणखी वाढली आणि रंगकामही वाढलं. याचा परिणाम असा की भारतातून आलेलं घड्याळ म्हटलं की परदेशातला गिऱ्हाईक आधी संशय घेतो, खरं घड्याळ असलं तरी. अशा बाजारात अधिकृत सर्व्हिस सेंटरने तरी चोख वागायला नको का?

माझ्या एका मित्राने वडिलांचं साठच्या दशकातलं स्विस घड्याळ अशाच एका अधिकृत ठिकाणी दिलं. तक्रार एवढीच होती की ते मागे पडतंय. परत आलं तेव्हा वेळ अचूक, पण डायल नवी, काटे नवे, आणि केस पॉलिश करून अशी गुळगुळीत केलेली की पट्टा जिथे बसतो तिथल्या कडांची धारच गेली. जुनी डायल मागितली तर धोरणानुसार नष्ट केली असं उत्तर मिळालं. नष्ट केल्याचा कागद दिला नाही, कुठला पार्ट का बदलला तेही बिलावर नाही, नुसतं ‘कम्प्लीट सर्व्हिस’. किमतीचं नुकसान झालं ते झालंच, त्याला लागलं ते वेगळंच, ज्या डायलकडे त्याचे वडील रोज बघायचे ती कुणी तरी त्याला न विचारता टाकून दिली. हे पुन्हा कुणाच्या बाबतीत होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

कायदा काय म्हणतो तेही बघितलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २० नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू परत मागवायचे आदेश देता येतात, पैसे परत द्यायलाही लावता येतात. चांगली तरतूद आहे, पण ती धोकादायक वस्तूंसाठी. तारीख अडकणं, कडा तपकिरी होणं त्यात बसत नाही. शिवाय जो वस्तू पुन्हा विकण्यासाठी घेतो त्याला हा कायदा ग्राहकच मानत नाही, म्हणजे ‘गुंतवणूक’ म्हणून घड्याळ घेतलं असं जो बिनधास्त सांगतो त्याने हेही लक्षात ठेवावं की उद्या भांडायची वेळ आली तर समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढेल. अर्थविषयक लेख लिहिणाऱ्यांनी निदान एवढी एक ओळ तरी लिहायला हवी होती.

दुसरीकडे सरकारचं लक्ष या घड्याळांवर आहेच. २२ एप्रिल २०२५ पासून १० लाखांवरच्या घड्याळावर विक्रेत्याला १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घ्यायचा प्राप्तिकर, गोळा करावा लागतो, त्यासाठी घेणाऱ्याचा पॅन लागतो. म्हणजे कुणी किती महागाचं घड्याळ घेतलं याची नोंद होतेय. मग त्याच घड्याळात दोष निघाला तर ती खबर मालकापर्यंत पोचवायला कंपनीला काय अडचण आहे? आणि मालक बदलला असेल तर त्यासाठी गाड्यांसारखी सोय करा, गाडीचा चेसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की रिकॉल आहे की नाही, काम झालंय की नाही ते कळतं. घड्याळाच्या सिरियल नंबरवर हेच दाखवता येईल, त्यात मालकाचं नाव-गाव उघड करायची काही गरज नाही.

पटेक फिलिप, लॉन्जिन्ससारख्या काही कंपन्या जुन्या रजिस्टरमधून उतारा काढून देतात, घड्याळ कधी बनलं, कधी विकलं गेलं वगैरे, आपल्या सातबाऱ्यासारखा. त्याच उताऱ्यात कंपनीने स्वतः बदललेले पार्ट आणि बदलाचं कारण आलं तर अर्धे वाद मिटतील. रोलेक्सने २०२२ च्या डिसेंबरपासून स्वतःच्या शिक्क्याने जुनी घड्याळं विकायचा कार्यक्रम सुरू केलाय, म्हणजे जुन्या बाजारातून कमाई करायला कंपन्या आता उतरल्याच आहेत, मग त्या बाजाराची जबाबदारीही त्यांनी घ्यावी.

तोपर्यंत वाचकांना माझी विनंती आहे. घड्याळ कुठेही सर्व्हिसला द्याल तर आधी डायल, काटे, बेझल, मागचं झाकण आणि सिरियल नंबर यांचे स्वच्छ फोटो काढा. पावतीवर मराठीत किंवा इंग्रजीत स्वतः लिहून घ्या की पॉलिश करायचं नाही, विचारल्याशिवाय काहीही बदलायचं नाही आणि काढलेला प्रत्येक पार्ट परत हवा. ते नाही म्हणाले तर घड्याळ उचलून घरी या, चार महिने उशीर झाला तरी चालेल. कंपनीचं रिकॉलचं किंवा मोफत दुरुस्तीचं पत्र आलं तर ते फेकू नका, बॉक्समध्ये घड्याळाच्या कागदांबरोबर ठेवा, दुरुस्ती करून घेतली तर तो कागद आणि नाही घेतली तरी ते पत्र. सेकंडहँड घेत असाल तर समोरच्याला बॉक्स-पेपर आहेत का एवढंच विचारून थांबू नका, कंपनीने याच्यात काय काय बदललंय ते विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आणि संपादकसाहेब, आपल्याला विनंती अशी की पुढच्या वेळी घड्याळांतल्या गुंतवणुकीवर लेख छापाल तेव्हा या कंपन्यांच्या भारतातल्या कार्यालयांना आपल्या वार्ताहरामार्फत दोन प्रश्न जरूर विचारा, दुरुस्तीत काढलेला पार्ट तुम्ही मालकाला परत देता का, आणि देत नसाल तर त्याचं नेमकं काय करता. त्यांची उत्तरं जशीच्या तशी छापा.

आपला नम्र,
एक वाचक, ठाणे